बर्फांतील पाठभेद

गेल्या चातुर्मासांत आमच्या घरीं एक लहानसा वाद उपस्थित झाला. सूनबाईंनीं माहेराहून आणलेल्या स्तोत्राच्या वहींत एका ओळींत जो शब्द होता, तो आमच्या देवघरांतील वहींत निराळा होता. "आजोबा, चूक कोणाची?" असें नातवानें विचारलें. मीं म्हटलें, "बाळ, चूक कोणाची तें पुढें पाहूं, हा भेद काय सांगतो तें आधीं ऐक." एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या दोन पोथ्यांच्या नकला निरनिराळ्या गांवीं होत गेल्या, कीं लेखकांच्या हातून पडलेले फरक सांठत जातात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९६६ सालीं पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सित संहिता अशाच पाठभेदांच्या तुलनेनें सिद्ध झाली.

हीच युक्ति शास्त्रज्ञांनीं अंटार्क्टिकांतील एका क्षुद्र जीवाला लाविली आहे. त्याचें नांव स्प्रिंगटेल. आपल्या कुंडीखालच्या ओल्या मातींत बारीक पांढरे जीव टुणटुण उडतात, त्यांचाच हा भाऊबंद. लांबी मिलिमीटरभर, पाय सहा, पंख मुळींच नाहींत. त्या खंडाचा शंभरांतील एक भागहि उघडा नाहीं; जेथें एखादी दरी बर्फाबाहेर राहिली आहे, तेथें दगडाखालीं बुरशी व शैवाल खाऊन हा राहतो. वाऱ्याबरोबर दूर जाऊं लागला, तर त्या कोरड्या हवेंत बहुधा वाटेंतच सुकून मरतो. हिमनदी त्याला दुस्तरच.

पेशींतील माइटोकॉन्ड्रिया नामक कणांत एक आनुवंशिक लेख असतो. तो आईकडूनच अपत्यांस मिळतो. त्याची नक्कल होतांना क्वचित् एखादें अक्षर बदलतें. दोन वस्त्यांत असे भेद जितके अधिक, तितकी त्यांची ताटातूट जुनी.

रॉस समुद्राच्या प्रदेशांतील सहा जातींचा असा अभ्यास २०२० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील कांहीं वस्त्या लक्षावधि वर्षें परस्परांपासून तुटलेल्या आढळल्या. यांतून दोन गोष्टी निघतात. सुमारें २०,००० वर्षांपूर्वीं तेथील बर्फ आजच्याहून पुष्कळ पसरला होता. तरी कांहीं कोपरे उघडे राहिलेच असले पाहिजेत, नाहीं तर इतक्या जुन्या शाखा उरत्या ना. दुसरी अशी कीं, गेल्या पन्नास लक्ष वर्षांत पश्चिम अंटार्क्टिकाचा हिमस्तर मधून मधून ढासळून समुद्र खुला झाला असावा. हा जीव पाण्यावर तरंगतो. तेव्हां तो नव्या किनाऱ्यांस लागला, आणि बर्फ परतल्यावर तेथेंच कोंडला गेला. समुद्रतळाच्या गाळावरून भूशास्त्रज्ञांनीं मांडलेल्या हिशेबाशीं हें जुळतें.

परंतु ही पोथी आतां धोक्यांत आहे. हवा तापून बर्फ वितळला, कीं तुटलेल्या वस्त्या मिसळूं लागतील. आणि त्याहून लौकर हें काम माणसांचे जोडे करतील. एका दरीची माती तळव्यास लागून दुसरींत गेली, कीं लक्षावधि वर्षांचे पाठभेद घोटाळ्यांत पडावयाचे. म्हणून तिकडे जाणाऱ्यांस जोडे व सामान स्वच्छ करण्याची ताकीद असते. आपल्या देशाच्या मोहिमांची व्यवस्था गोव्यांतील वास्को येथील केंद्र पाहतें. वाचकांच्या घरचा कोणी मुलगा वा मुलगी त्यांत निघाल्यास, एवढें त्यांच्या कानावर घालावें.

आमच्या वादाचा निकाल काय झाला? दोन्ही वह्या देवघरांत आहेत. सूनबाई आपला पाठ म्हणतात, मी माझा. खाडाखोड करण्याची परवानगी मात्र कोणासहि नाहीं.