मोटारीचा विमा आणि ओळखीचे गॅरेज

1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 146 व्या कलमान्वये विमा सक्तीचा आहे. परंतु ती सक्ती केवळ त्रयस्थाच्या नुकसानीपुरती. स्वतःच्या मोटारीचा विमा ऐच्छिक असल्याने आपल्यापैकी कित्येक बंधू तो टाळतात. हप्त्यापेक्षा त्यांना भरपाईसाठी घालाव्या लागणाऱ्या खेपांचे भय अधिक.

हे भय ओळखीचे गॅरेजच घालवू शकेल. विमा कंपनीशी करार असलेल्या गॅरेजात दुरुस्तीची मान्य रक्कम कंपनी परस्पर चुकती करते. मालकाने आपला वाटा तेवढा द्यावयाचा. असा करार मोठ्या शोरूमपुरता न राहता काचीगुड्याच्या गल्लीतील जाणत्या कारागिरापर्यंत पोहोचावा, असे आम्हांस वाटते.

मात्र पैसे कंपनीचे म्हणून बिल फुगविणे हा अचौर्यव्रताचा भंगच होय. सुटे भाग विकणाऱ्या बंधूंनीही हे ध्यानी घ्यावे. कारण वाढलेला हप्ता अखेर आपणच भरतो. साध्या विम्यात रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो, हेही ग्राहकास आधीच सांगावे.

विमा नियामक प्राधिकरणाचे मुख्यालय आपल्याच हैदराबादेत आहे. चोख व्यवहाराच्या गॅरेजांची नावे संघाने विमा कंपन्यांपुढे ठेवावीत, ही आमची नम्र सूचना.