ओझिलचे संयोगचिन्ह

मेसुत ओझिलने २२ जुलै २०१८ रोजी जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला तो तीन भागांत प्रसिद्ध केलेल्या एका प्रदीर्घ पत्राने. त्या पत्राची चर्चा खेळाच्या पानांवर झाली, राजकारणाच्या पानांवरही झाली. आम्हांस ते एक संहिता म्हणून वाचावेसे वाटते. पत्र जर्मनांना उद्देशून आहे, तक्रार जर्मन फुटबॉल महासंघाविरुद्ध आहे, भाषा मात्र इंग्रजी. तो तेव्हा लंडनच्या आर्सेनलकडून खेळत होता, एवढे कारण कदाचित पुरेसे असेल. तरीही तुर्की आणि जर्मन या दोन भाषांत वाढलेल्या माणसाने आपले सर्वांत दुखरे बोलणे तिसऱ्याच भाषेत बोलावे, हे आम्हांस सहजासहजी ओलांडून पुढे जाता येत नाही.

१९६१च्या करारानंतर तुर्कस्तानातून जे मजूर जर्मनीत आले त्यांना तिथे ‘पाहुणे कामगार’ म्हणत. पाहुणा म्हणजे एक दिवस परत जाणारा, हे त्या शब्दातच गृहीत होते. अशाच एका कुटुंबाच्या तिसऱ्या पिढीत, १९८८ साली, रूर खोऱ्यातील गेल्सेनकिर्शेन या कोळशाच्या गावी ओझिल जन्मला. त्याच गावचे हामित आणि हालिल हे आल्तिनतोप बंधू तुर्कस्तानकडून खेळले; ओझिलने जर्मनी निवडली. शाल्के, ब्रेमेन, रेआल माद्रिद, आर्सेनल असा त्याचा प्रवास झाला. जर्मनीसाठी तो ९२ सामने खेळला, २३ गोल केले आणि २०१४चा विश्वचषक जिंकला. त्याची खरी कला मात्र गोल करण्याची नव्हती. दुसऱ्याला गोल करता यावा अशी जागा आधीच दिसण्याची होती.

त्याच्या कारकिर्दीत दोन छायाचित्रे आहेत. ऑक्टोबर २०१०मध्ये बर्लिनला जर्मनीने तुर्कस्तानला ३-० असे हरवले. ओझिलने एक गोल केला आणि आनंद व्यक्त करणे टाळले. तुर्की पाठीराख्यांनी त्याची हुर्यो उडवली होती. सामन्यानंतर चॅन्सेलर अँगेला मर्केल खेळाडूंच्या खोलीत गेल्या. अर्ध्या उघड्या ओझिलशी हस्तांदोलन करतानाचे त्यांचे छायाचित्र सरकारनेच प्रसिद्धीस दिले. त्याच वर्षी त्याला ‘एकात्मते’साठी बांबी पुरस्कारही मिळाला. दुसरे छायाचित्र मे २०१८मधले, लंडनचे, तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोआन यांच्यासोबतचे. तुर्कस्तानातील निवडणूक महिन्याभरावर आली होती. पहिल्या छायाचित्राला कोणी राजकारण म्हटले नाही असे नव्हे. परंतु त्याबद्दल ओझिलला जाब विचारावा असे कोणास वाटले नाही. दुसऱ्याचा जाब मात्र मागितला गेला, आणि कझानला दक्षिण कोरियाकडून ०-२ अशी हार होऊन गतविजेते पहिल्याच फेरीत बाद झाल्यावर तो जाब वसूल होऊ लागला.

पत्रातील आम्हांस सर्वाधिक महत्त्वाचा वाटणारा प्रश्न व्याकरणाचा आहे. मिरोस्लाव क्लोजे आणि लुकास पोडोल्स्की यांना जर्मन-पोलिश म्हटले जात नाही, मग मलाच जर्मन-तुर्की का, असे ओझिल विचारतो. ते दोघे पोलंडमध्ये जन्मलेले. हा जर्मनीतच जन्मलेला. म्हणजे ते संयोगचिन्ह जन्मस्थळावरून पडत नाही. ते पडते वाचणाऱ्याच्या नजरेत. आपल्याकडे ‘ग्रामीण लेखक’, ‘स्त्री-लेखिका’ अशी बिरुदे लावताना केवळ ‘लेखक’ कोणास म्हणायचे हे जसे न सांगता ठरलेले असते, तसेच हे. बिरुद गौरवाचे असले तरी ते लावण्या-काढण्याची मुखत्यारी दुसऱ्याच्या हाती राहते. जिंकल्यावर जर्मन आणि हरल्यावर स्थलांतरित, या ओझिलच्या तक्रारीचा अर्थ आम्ही असाच लावतो.

याचा अर्थ पत्र निर्दोष आहे असा मुळीच नव्हे. छायाचित्रामागे राजकीय हेतू नव्हता, आपण केवळ सर्वोच्च पदाचा मान राखला, हा त्याचा बचाव तोकडा आहे. निवडणुकीच्या तोंडावर सत्ताधीशाशेजारी उभे राहणे निरर्थक नसते, हे तिशीला टेकलेल्या जगप्रसिद्ध माणसास कळत नव्हते असे मानणे त्याचाच अपमान करणे होय. पण संघाचा माजी कर्णधार लोथार माटेऊस त्याच उन्हाळ्यात पुतीन यांना भेटला, तेव्हा त्याच्या जर्मनपणाची चौकशी झाली नाही. टीका माटेऊसवर झाली असती तर ती त्याच्या कृतीवर होऊन थांबली असती. ओझिलच्या बाबतीत ती कृतीवरून त्याच्या घराण्यावर गेली, आणि आमचा आक्षेप नेमका तिथे आहे. अप्रिय मते बाळगूनही निःशंकपणे नागरिक राहता येणे, ही सवलत माटेऊसला होती.

पुढे २०१९मध्ये ओझिलच्या विवाहात एर्दोआन साक्षीदार होते. फेब्रुवारी २०२५मध्ये तो त्यांच्या पक्षाच्या मध्यवर्ती समितीवर निवडला गेला. ‘पाहा, आम्ही म्हणत नव्हतो?’ असे म्हणणाऱ्यांना आता पुरावा मिळाला आहे. आम्हांस हा युक्तिवाद शेवटचे प्रकरण वाचून पहिल्या प्रकरणातील पात्रास शिक्षा करण्यासारखा वाटतो. शिवाय मधली प्रकरणे कोणी कोणी लिहिली, हा प्रश्न त्यात सोयीस्करपणे गळतो.

जर्मन पारपत्रासाठी ओझिलने तुर्की पारपत्र सोडले होते. २७ जून २०२४पासून नव्या कायद्यानुसार जर्मन नागरिकत्व घेणाऱ्याला आपले आधीचे नागरिकत्व सोडावे लागत नाही.