प्रगतीपुस्तकाचा काटा कोणाच्या हातात?



एकाधिकार खरेदीच्या काळात ग्रेडर कापसाच्या गाडीत हात घालायचा आणि ग्रेड सांगायचा. कशावरून, ते त्यालाच ठाऊक. पोरांच्या प्रगतीपुस्तकाचे आज तेच झाले आहे. 'अ-२', 'ब-१' अशी श्रेणी येते, बाप सही करतो किंवा अंगठा उठवतो, पुस्तक परत जाते. पोराला वाचता येते का, ते कळतच नाही.

मुलाची हजेरी, शिकण्याची कुवत आणि प्रगती नियमित बैठका घेऊन पालकांना सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २४ म्हणते. ही मेहेरबानी नव्हे. पण बैठक ठेवायची ऐन वेचणीत, भर दुपारी, आणि कोणी आले नाही की 'पालक उदासीन' म्हणून मोकळे! (शिक्षकांशी आपले भांडण नाही. कागद भरता भरता त्यांचाही जीव मेटाकुटीला येतो.)

मोजणे अवघड नाही. २००५ साली सुरू झालेल्या 'असर' पाहणीत कार्यकर्ते घरी येऊन पोराला दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात, तीन आकडी संख्येला एका आकड्याने भागायला लावतात. आई निरक्षर असली तरी पोर कुठे अडखळते ते तिला ऐकू येते.

जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान पाऊण सदस्य पालक असतात, निम्म्या बाया असाव्या लागतात. त्यांनी पुढच्याच सभेत ठराव घ्यावा: बैठक संध्याकाळी होईल, आणि सहीआधी प्रत्येक पोर आपल्या आईबापासमोर वाचून दाखवील.