चालायला वाट, बागेला वेळ, कमरेला टेप

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरण, बेंगळुरू

प्रत माहितीसाठी: मा. व्यवस्थापकीय संचालक, बेंगळुरू महानगर परिवहन महामंडळ (बीएमटीसी), बेंगळुरू

विषय: मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्या नागरिकांच्या हृदयरक्षणासाठी व्यायामाची सार्वजनिक सोय करण्याबाबत.

महोदय,

नोव्हेंबर २०२४ मध्ये नेलमंगलाहून दासनपुऱ्याकडे निघालेल्या बीएमटीसी बसच्या चालकाला गाडी चालवतानाच हृदयविकाराचा झटका आला. तो आसनावर कलंडला आणि बस शेजारच्या दुसऱ्या बसला घासत पुढे गेली. वाहकाने झेप घेऊन स्टिअरिंग धरले, बस थांबवली, प्रवासी वाचले. चालक वाचला नाही. जेमतेम चाळिशीचा होता तो.

चालक आणि वाहक यांच्या हृदयाचा हिशोब वैद्यकाने फार पूर्वी मांडून ठेवला आहे. लंडनच्या दुमजली बसवर चालक दिवसभर बसून असे आणि वाहक जिने चढत-उतरत तिकिटे फाडत असे. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले, की वाहकांना हृदयविकार कमी होतो, आणि झालाच तर उशिरा व कमी घातक रूपात. तीन वर्षांनी मॉरिस यांनी याच कर्मचाऱ्यांच्या गणवेशाची मापे तपासली. चालकांच्या पँटची कंबर वाहकांपेक्षा मोठी निघाली, अगदी तरुण वयातही. म्हणजे फरकाचे सगळे श्रेय जिन्याला देता येणार नाही, हेही त्या मापांनीच सांगितले. पण कंबर आणि हृदय यांचे नाते तिथे शिंप्याच्या वहीत नोंदले गेले होते. बेंगळुरूत मराठी घरात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड, म्हणजेच रजनीकांत, याच शहरात बसवाहक होते. त्यामुळे वाहकाची दिवसभराची उठबस या शहराला वेगळी समजावून सांगायला नको.

मेटाबॉलिक सिंड्रोम हा एक आजार नसून पाच दोषांची टोळी आहे: कमरेचा वाढलेला घेर, रक्तातील ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक, चांगले मानले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक, आणि उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक. पैकी तीन असले की निदान झाले. आपल्याकडे घेराची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटीमीटर. यातले काहीच दुखत नाही, म्हणून माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही. वजनकाट्यावरही विसंबता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणारा भारतीय आतून बारीक असतोच असे नाही. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासातही दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा काही वर्षे आधी येत असल्याचे दिसले.

या टोळीवर व्यायाम एकाच वेळी सगळीकडून चालून जातो, आणि निवेदनकर्त्यांचा सारा आग्रह याच मुद्द्यावर आहे. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. त्यात ट्रायग्लिसराइड जळतात, रक्तवाहिन्यांचे अस्तर अधिक लवचीक होते, रक्तदाब उतरतो. पोटातील अवयवांभोवतीची चरबी कमी होते, आणि तीही काट्यावरचा आकडा फारसा न हलता. नॉर्वेत मेटाबॉलिक सिंड्रोमच्या ३२ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीनदा, १६ आठवडे. काहींनी एकसारखा मध्यम व्यायाम केला, काहींनी मध्ये मध्ये वेग वाढवून. वजन दोन्ही गटांत सारखेच घटले, पण ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या गटात १६ टक्क्यांनी, तर दुसऱ्यात ३५ टक्क्यांनी वाढली. आपल्या शेजारच्या चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांमध्ये आहार आणि चालण्याने मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. त्यासाठी महागडी यंत्रे लागली नाहीत.

तरीही या शहरात व्यायामाची धास्ती आहे, आणि तिचे कारण सर्वांना ठाऊक आहे. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी अभिनेते पुनीत राजकुमार व्यायामानंतर अस्वस्थ झाले आणि वयाच्या ४६ व्या वर्षी गेले. त्या धक्क्याने जयदेव हृदयरोग संस्थेत तपासणीसाठी रांगा लागल्या. २०२५ मध्ये हासन जिल्ह्यात हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंच्या बातम्यांनंतर पुन्हा लागल्या. तपासणी करून घेणे योग्यच. पण व्यायाम सोडून देणे हा या मृत्यूंचा चुकीचा अर्थ आहे. चालताना छातीत दाटून येत असेल तर आधी डॉक्टर, मग चालणे. इन्सुलिन घेणाऱ्याने साखर उतरण्याकडे लक्ष ठेवावे. सुरुवात हळू करावी. एवढे सांगणारे माणूस वॉर्डात हवे.

म्हणून पहिली मागणी नम्म क्लिनिक या सरकारी दवाखान्यांबाबत. तिथे येणाऱ्या तिशीपुढील प्रत्येकाच्या कमरेचा घेर टेपने मोजून, रक्तदाब आणि साखरेसोबत कार्डावर लिहावा. तीन दोष आढळल्यास गोळ्यांच्या चिठ्ठीवरच व्यायामही लिहून द्यावा: कोणता, किती मिनिटे, आठवड्यातून किती दिवस. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला मध्यम व्यायामाची किमान १५० मिनिटे आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगितले आहेत. चिठ्ठीत जवळच्या बागेचे नावही असावे.

दुसरी मागणी बागांबाबत. त्या पहाटे ५ ते रात्री १० उघड्या ठेवण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. तो प्रत्येक वॉर्डात खरोखर अमलात यावा. हा निर्णय लालबागेत पहाटे फिरणाऱ्यांपेक्षा पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून संध्याकाळी उशिरा घरी परतणाऱ्या बाईसाठी महत्त्वाचा आहे. स्वयंपाक उरकून ती बागेच्या फाटकाशी येईल तेव्हा फाटकाला कुलूप नसावे, आत दिवे असावेत, पहारेकरी असावा आणि स्वच्छतागृह उघडे असावे.

तिसरी मागणी पदपथांबाबत. त्यांचे दुखणे जुने. निखळलेली फरशी, मध्येच उभा ट्रान्सफॉर्मर, आडव्या लावलेल्या दुचाक्या, आणि त्यांना वळसा घालायला रस्त्यावर उतरलेला मधुमेही वृद्ध. रेसिडेन्सी रोडवर टेंडरशुअर योजनेत रुंद पदपथ झाले, म्हणजे हे शहराला जमते. पादचाऱ्यांचा पदपथांवरील हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. प्राधिकरणाखालील पाचही महानगरपालिकांनी प्रत्येक मेट्रो स्थानकापासून एक किलोमीटरपर्यंतचे पदपथ आधी सलग आणि अडथळामुक्त करावेत. रोजचे कामावर जाणे हाच बहुतेकांना परवडणारा व्यायाम आहे.

बीएमटीसीने कर्मचाऱ्यांच्या हृदयतपासणीसाठी जयदेव संस्थेशी हात मिळवला, त्याचे निवेदनकर्ते स्वागत करतात. आता पुढचे पाऊल हवे. गणवेशाचे माप घेताना कमरेची नोंद आरोग्यपत्रिकेतही व्हावी, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये चालण्यासाठी वीस मिनिटे पगारी कामाच्या वेळेत धरावीत. हे सुट्टीतून कापले तर कोणी चालणार नाही.

वरील मागण्यांवर कोणता निर्णय झाला आणि कोणत्या वॉर्डापासून सुरुवात होणार, हे ३० दिवसांच्या आत लेखी कळवावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
बेंगळुरूतील मराठीभाषक रहिवासी