दोन रात्री, तीन दिवस

दिवाळीच्या सुटीची चाहूल लागली की आमच्या हिमायतनगरात पूर्वी लोक एकमेकांना विचारीत, "फराळाचं कुठवर आलं?" आता विचारतात, "यंदा कुठं?" या 'कुठं'चे उत्तर माहूर किंवा औंढा असे दिले, तर विचारणारा नुसती मान हलवतो आणि बोलणे कापसाच्या भावावर जाते. उत्तर 'बेटावर' असे आले, तर तो खुर्ची पुढे ओढून बसतो. अंदमान, लक्षद्वीप, बाली; आणि ज्याचा मुलगा पुण्यात संगणकाच्या कंपनीत चांगल्या पगारावर असेल त्याच्या तोंडी सांतोरिनी! ग्रीस देशातले हे बेट एवढ्याशा तालुक्याच्या गावी इतके ओळखीचे व्हावे, याचे मला शिक्षक म्हणून खरे तर कौतुक वाटायला हवे. भूगोलाच्या तासाला जे जमले नाही ते सहल कंपन्यांच्या जाहिरातींनी करून दाखवले. पांढरी घरे, निळे घुमट, खाली गर्द निळा समुद्र आणि वर छापलेले असते : 'दोन रात्री, तीन दिवस'. पैकी पहिला दिवस पोचण्यात जातो, तिसरा निघण्यात. मधला तेवढा बेटाचा. (अशी एखादी जाहिरात याच अंकाच्या मागच्या पानांत असण्याचा संभव आहे. संपादकांनी क्षमा करावी.)

माझे भांडण या हिशेबाशी नाही, हे आधीच सांगून टाकतो. सुटी थोडी असते, पैसा त्याहून थोडा असतो. आमच्या परमेश्वराच्या यात्रेला महाशिवरात्रीस येणारा शेतकरी सकाळी येतो आणि रात्री परततो. त्याला कोणी उथळ म्हणत नाही. भांडण आहे ते 'बेट' या शब्दाला आपण जो अर्थ चिकटवला आहे त्याच्याशी. बेट म्हणजे कोणाचेच नसलेले, आपल्याला विसावा मिळावा म्हणून समुद्रात मांडून ठेवलेले एक स्थळ, अशी आपली समजूत झाली आहे. माझे म्हणणे असे की बेट हे गाव असते. गावात जाणाऱ्याला आपल्या भाषेत पाहुणा म्हणतात, आणि पाहुण्याचे कायदे आपल्या आजी-पणजींनी केव्हाच ठरवून ठेवले आहेत. दारात आल्यावर पाणी मिळते, आणि पाणी देणाऱ्याची विचारपूस केल्यावाचून ते घशाखाली उतरू नये, हा त्यांतला पहिला.

ग्रीस लांब राहिले. आपल्या घरचेच बेट घेऊ. मुंबईच्या अपोलो बंदरावरून लाँचने तासाभरावर घारापुरी आहे. त्याला एलिफंटा हे नाव पोर्तुगिजांनी दिले, कारण त्यांना तेथे एक दगडी हत्ती दिसला. (पाहुण्याने यजमानाचे नावच बदलून टाकण्याची ही तऱ्हा जुनी दिसते.) पुढे १८६४ साली इंग्रजांनी तो हत्ती उचलून विलायतेला नेण्याचा घाट घातला, तेव्हा तो पडून फुटला. त्याचे तुकडे जोडून उभा केलेला हत्ती आज भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात पाहायला मिळतो. सहाव्या शतकातले लेणे मात्र उचलता येण्यासारखे नव्हते, म्हणून जागेवर राहिले. जवळजवळ अठरा फूट उंचीची ती महेशमूर्ती ज्याने पाहिली त्याला मी तिचे वर्णन सांगायला नको, आणि ज्याने पाहिली नाही त्याला सांगून उपयोग नाही. १९८७ साली हे लेणे जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि जगाच्या पाठीवरून माणसे येऊ लागली. आधीही येत होतीच.

आता या बेटाची दुसरी हकीकत ऐका. राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर अशा तीन वाड्या मिळून घारापुरी हे गाव होते. ग्रामपंचायत आहे, शाळा आहे, हजाराच्या आसपास वस्ती आहे. संध्याकाळी घराच्या ओट्यावर बसले की पलीकडे मुंबईचे दिवे दिसतात. बेटावर मात्र अंधार! रोज संध्याकाळी काही तास डिझेलचे जनित्र चाले तेवढाच उजेड. ते बंद झाले की कंदील. समुद्राच्या तळाशी साडेसात किलोमीटर तार टाकून घारापुरीला कायमची वीज आली ती २०१८ सालच्या फेब्रुवारीत. देश स्वतंत्र होऊन सत्तर वर्षे उलटल्यावर! या सत्तर वर्षांत तेथे किती लाख माणसे उतरली असतील? त्यांत मंत्री होते, संपादक होते, परदेशचे राजदूत होते, आम्ही शिक्षक होतो, आमच्या शाळांच्या सहली होत्या. पण पर्यटकाने तेथे रात्री राहायचे नाही असा नियम आहे. शेवटच्या लाँचने सगळ्यांना परत यावे लागते. म्हणजे गावात अंधार पडण्यापूर्वी पाहुणा गेलेला असे. एवढी माणसे आली आणि एवढी माणसे गेली, पण यजमानाच्या घरात दिवा नाही हे कोणाला दिसलेच नाही. नियम आपल्या जागी योग्य असेल. पण दिवसाउजेडी विजेचे खांब नाहीत हे दिसायला रात्रीचा मुक्काम लागत नाही.

येथे मला एक मुलगा आठवतो. एका वर्षी आमच्याकडून मुलांची सहल मुंबईला गेली होती. नंदीग्राम एक्स्प्रेसने एक रात्र काढून मुले पोचली, आणि दुसऱ्या दिवशी घारापुरी. अशा सहलींचे वेळापत्रक ठरलेले असते : धक्क्यावर उतरा, हजेरी द्या, दोन्ही बाजूंच्या दुकानांमधून शंभर-सव्वाशे पायऱ्या चढा, लेण्यात अर्धा तास, मूर्तीसमोर फोटो, वानरांपासून डबे सांभाळा, पुन्हा हजेरी, खाली उतरा. मार्गदर्शक तीन मुखांविषयी सांगत होता. तेवढ्यात सातवीतल्या एकाने विचारले, "गुरुजी, हितल्या लेकरांची शाळा कुठं हाय?" इतर मुले हसली. मार्गदर्शक थबकला, हा प्रश्न त्याला बहुधा कोणी विचारला नव्हता. मग त्याने हाताने खाली दाखवले, आणि त्या मुलाशी तो इतका मोकळेपणी बोलू लागला की महेशमूर्ती मागे राहिली. दहावीच्या पुढे शिकायचे तर समुद्र ओलांडावा लागतो, समुद्र खवळला की होडी नाही, होडी नाही म्हणजे कॉलेज नाही. आमच्या त्या मुलाचे गाव पैनगंगेच्या काठचे. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की त्याचीही शाळा बुडते. हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पातून जे त्याच्यापर्यंत पोचले नसते ते त्या एका उत्तराने पोचले. प्रश्न विचारायला त्याला पाच मिनिटे पुरली. तेव्हा 'वेळ कुठे असतो हो?' ही सबब मला कोणी सांगू नये.

दुसरी सबब जास्त वजनाची आहे. लोक म्हणतात, "गुरुजी, त्या लोकांचं पोटच आमच्यावर चालतं. आम्ही गेलो नाही तर ते खातील काय?" खरे आहे. पायऱ्यांवर काकडी, ताक आणि माळा विकणाऱ्या बायांना गिऱ्हाईक हवेच आहे, आणि ज्याला आपली शहरी विरक्ती मिरवायची आहे त्याने ती त्यांच्या पोटावर पाय देऊन मिरवू नये. जा, जरूर जा. पण पैसे टाकले की सगळे फिटले, हे मात्र मला मान्य नाही. गर्दीच्या पैशानेच दिवा लागत असता, तर तो घारापुरीत कितीतरी आधी लागला असता. गिऱ्हाइकाचा पैसा गल्ल्यात जातो; गावाची दाद लागायला कोणीतरी बाहेर जाऊन बोलावे लागते, आणि तसे तोच बोलतो ज्याने आत असताना विचारलेले असते.

आता ग्रीसकडे वळतो. आमचे एक मेहुणे लातूरला असतात. गेल्या वर्षी ते मुला-सुनेबरोबर सांतोरिनीला दोन रात्री राहून आले. परत आल्यावर मोबाइलवर चारशे फोटो दाखवले. त्यांत त्यांच्या खोलीबाहेरचा एक छोटा पोहण्याचा तलाव वारंवार येत होता; त्यात उभे राहिले की पाणी थेट समुद्राला मिळाल्यासारखे दिसते. मी विचारले, "तिथं पाणी कुठून येतं?"

"नळाला येतं की, दाजी!"

हे उत्तर लातूरच्या माणसाचे आहे, म्हणून मला बोलावे लागते. २०१६ सालच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले होते. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात याच मेहुण्यांच्या घरी पाहुण्याला तांब्याऐवजी अर्धा पेला पाणी मिळे, आणि त्यात कोणाला अपमान वाटत नसे. सांतोरिनीला नदी नाही. उन्हाळ्यात पाऊस नसल्यासारखाच. जुनी माणसे घराच्या छपरावर पडणारे पावसाचे पाणी टाक्यात साठवून वर्ष काढीत. आज समुद्राचे खारे पाणी यंत्राने गोडे करून पुरवतात. ज्या गुहेसारख्या खोल्यांत आता श्रीमंत पाहुणे झोपतात, त्या ज्वालामुखीच्या राखेत कोरलेल्या खोल्या एके काळी गरीब खलाशांची घरे होती. १९५६ सालच्या जुलैत मोठा भूकंप झाला, घरे कोसळली आणि पुष्कळ लोक बेट सोडून गेले. २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा धरणी हादरत राहिली आणि हजारो लोक बोटींनी, विमानांनी बाहेर पडले. दुष्काळात बिऱ्हाड उचलून पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या माणसांच्या मुलखाला हे समजायला जड जाऊ नये.

या बेटाची स्वतःची वस्ती पंधरा हजारांच्या घरात. २०२४ च्या जुलैत एका दिवशी प्रचंड जहाजांतून इतके प्रवासी उतरणार होते की तेथल्या एका स्थानिक पदाधिकाऱ्याने गावकऱ्यांनाच विनंती केली, शक्यतो बाहेर पडू नका! लोक खवळले, विनंती मागे घेतली गेली. पण विचार करा : पाहुणे यायचे म्हणून घरच्या माणसांनी माजघरात कोंडून घ्यायचे. आपल्याकडे असा पाहुणा आला तर त्याला काय म्हणतील, ते दिवाळीच्या अंकात लिहिता येणार नाही. आता तेथे जहाजांतून उतरणाऱ्यांवर दिवसाला आठ हजारांची मर्यादा घातली आहे, आणि २०२५ पासून भर हंगामात दर प्रवाशामागे वीस युरो कर आहे. आमच्या मेहुण्यांना हा कर जाचक वाटला. ते जहाजाने गेलेच नव्हते, त्यांना तो पडलाही नव्हता, तरी वाटला. घारापुरीची ग्रामपंचायत पर्यटकाकडून जी किरकोळ रक्कम घेते, तिच्यावरही पायऱ्यांशी उभे राहून हुज्जत घालणारे सुखवस्तू गृहस्थ मी पाहिले आहेत. लाँचवर वरच्या मजल्यावर बसण्यासाठी ज्यादा पैसे देताना त्यांची हुज्जत ऐकली नव्हती.

कोणी म्हणेल, ही मास्तरकी झाली. माणूस वर्षभर राबतो, चार दिवस डोके रिकामे ठेवायला जातो, त्याला कशाला पाण्याचा आणि शाळेचा हिशेब विचारता? विचारतो, कारण आम्हीही कोणाचे तरी सहलीचे ठिकाण आहोत. पावसाळ्यात सहस्रकुंडाचा धबधबा भरून कोसळू लागला की गाड्यांच्या रांगा लागतात. पैनगंगेच्या अलीकडे नांदेड जिल्हा, पलीकडे यवतमाळ; दोन्ही काठांवर माणसे उभी राहून मोबाइल उंच धरतात. त्यांना आम्ही दिसतो का? जे पाणी कड्यावरून पडताना पाहून ते टाळ्या पिटतात, ते खाली वाहून गेल्यावर फाल्गुन-चैत्रात याच काठच्या बायका घागरी घेऊन किती चालतात, हे त्यांतल्या एकाने तरी विचारले आहे का? मी इतकी वर्षे तेथे जातो-येतो. मला तरी कोणी विचारलेले नाही. वाट विचारतात. भजी कुठे चांगली मिळतात ते विचारतात.

यात्रेकरूंचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. चंद्रभागेच्या वाळवंटाची आपण काय दशा करतो ते ठाऊक आहे. पण पंढरीहून परतलेली आमच्या गल्लीतली एक आजी, ज्या घराच्या ओसरीवर दोन रात्री उतरली त्या घरच्या सुनेचे बाळंतपण कधी आहे हे सांगू शकते. दोन रात्री तिच्याही आणि दोन रात्री यांच्याही. घारापुरीच्या लेण्यालगत खडकात कोरलेले पाण्याचे टाके आहे. सांतोरिनीच्या जुन्या घरांनाही टाकी होती. हजारो कोस अंतरावरच्या, एकमेकांची भाषा न कळणाऱ्या माणसांनी एकाच गरजेपोटी खडक फोडला. त्या टाक्याशेजारी उभा राहून फोटो काढलेला एकही माणूस मी पाहिलेला नाही.

मेहुण्यांचा आता नाताळात आणखी एका बेटावर जायचा बेत आहे. त्यांनी मला पत्रक पाठवले आहे, आम्हा दोघांनाही चला म्हणतात. आग्रह मनापासूनचा आहे आणि सौभाग्यवतींची बॅग मनातल्या मनात भरूनही झाली आहे. पत्रक गुळगुळीत आहे, सोळा पानी आहे. नाश्त्याच्या पदार्थांची यादीच दीड पान आहे. शिक्षकाच्या सवयीने मी हातात लाल पेन घेऊन ते वाचले. त्यात 'पाणी' हा शब्द दोनदा आला आहे : एकदा 'निळेशार पाणी', आणि एकदा शेवटच्या पानावर, बारीक टाइपात, 'पिण्याच्या पाण्याची एक बाटली प्रत्येकी रोज मोफत'.