वकील मिळतो, पण कधी?

हुसैनारा खातून हे नाव कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. आपल्या मोहल्ल्यात ते फारसं कुणाला माहीत नाही. बिहारच्या तुरुंगात खटला न चालता वर्षानुवर्षं सडत पडलेल्या कैद्यांपैकी ती एक. आरोप सिद्ध झाला असता तरी भोगावी लागली नसती एवढी कैद त्यातल्या काहींनी आधीच भोगली होती. ॲड. कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९७९ साली न्या. भगवती यांनी निकाल दिला: गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळणं हा कलम २१ खालचा हक्क आहे.

मग भागलपूर. पोलिसांच्या ताब्यातल्या माणसांचे डोळे फोडून त्यांत ॲसिड ओतलं गेलं. त्यांना वकील का दिला नाही? तर त्यांनी मागितला नाही म्हणून! शिवाय सरकारकडे पैसे नाहीत. १९८० साली न्यायालयाने दोन्ही सबबी फेटाळल्या आणि बजावलं की हा हक्क खटल्याच्या वेळी नव्हे, मॅजिस्ट्रेटसमोर पहिल्यांदा उभं करतात त्याच दिवशी सुरू होतो.

माझा मुद्दा या पहिल्या दिवसाचाच आहे. पोलीस कोठडी द्यायची की नाही, अटकेचं कारण काय, अंगावर मारहाणीच्या खुणा आहेत का, हे सगळं तेव्हाच विचारायचं असतं. पोरगा मात्र तिथे एकटा उभा असतो. बाहेर आई दागिने गहाण ठेवून वकील शोधत असते. १९८७च्या विधी सेवा कायद्यानुसार कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. सांगितलं तरी ती बिचकते. आपल्याकडे ‘सरकारी वकील’ म्हणजे आरोपीच्या विरुद्ध बोलणारा. सरकारने दिलेला आपल्या बाजूने कसा बोलेल? तिची शंका चुकीची आहे, पण वेडगळ नाही. तुटपुंज्या मानधनावर नेमलेले काही वकील कागद न वाचताच उभे राहतात.

दहशतवादाचा आरोप असला की काही बार असोसिएशन ‘आमचा कुणी वकीलपत्र घेणार नाही’ असा ठराव करतात. असे ठराव बेकायदा असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितलं आहे.

आणि २०१२ साली, चक्क कसाबच्या निकालात, त्याच न्यायालयाने प्रत्येक मॅजिस्ट्रेटला बंधन घातलं: पहिल्याच हजेरीला आरोपीला वकिलाचा हक्क सांगायचा, परवडत नसेल तर वकील द्यायचा. यात कसूर करणाऱ्या मॅजिस्ट्रेटवर खातेनिहाय कारवाई होऊ शकते. आजवर ती किती जणांवर झाली?