जुना कम्बाईन हार्वेस्टर घेताय? आधी पीक, मग सुटे भाग, शेवटी ब्रँड

रब्बीची कापणी संपली की जुन्या हार्वेस्टरचा बाजार तापतो. पंजाबातून आलेली यंत्रे परत नेण्याऐवजी इथेच विकण्याकडे काही मालकांचा कल असतो. गावातील चार तरुण मिळून किंवा एखादा शेतकरी गट पैसे उभे करतो आणि मग एकच प्रश्न येतो, "कोणत्या कंपनीचे घ्यावे?" प्रश्न बरोबर आहे, पण तो तिसऱ्या क्रमांकाचा आहे. यंदा त्याआधी बदललेल्या दोन गोष्टी समजून घ्या.

जीएसटी उतरला, जुन्याचा भावही उतरला पाहिजे

२२ सप्टेंबर २०२५ पासून कापणी यंत्रांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. करापूर्वीची किंमत २० लाख रुपये धरली, तर जे नवे यंत्र पूर्वी २२ लाख ४० हजारांना पडत होते ते आता २१ लाखांना पडते. विकणारा मात्र "मी इतक्याला घेतले होते" असे सांगून जुन्या किमतीवरून हिशोब करतो. तुम्ही आजच्या नव्या यंत्राचे लेखी कोटेशन हातात ठेवा आणि घसारा तिथून मोजा. अनुदानाच्या योजना नव्या यंत्रासाठी असतात. तुमचा गट अनुदानास पात्र असेल, तर जुन्या-नव्यातील खरा फरक किती उरतो हे आधी पाहा.

२०२३ पूर्वीचे की नंतरचे?

१ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या शेती इंजिनांना नवे प्रदूषण निकष लागू झाले. त्याआधीच्या यंत्रांत बहुधा साधा यांत्रिक डिझेल पंप असतो आणि तो तालुक्याचा मिस्त्री खोलू शकतो. नंतरच्या इंजिनांत सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले. डिझेलवर नियंत्रण चांगले राहते, पण बिघाड शोधायला कंपनीचा माणूस आणि त्याचे उपकरण लागते. सेवा केंद्र लांब असेल, तर सुस्थितीतले २०२३ पूर्वीचे यंत्र अनेकदा सोयीचे ठरते.

आता ब्रँड

बाजारातील यंत्रांचे ढोबळ दोन गट पाडा.

पहिला गट टायरवाल्या मोठ्या यंत्रांचा. करतार, प्रीत, दशमेश ही पंजाबी यंत्रे यात येतात. १४ फुटांच्या आसपासचा कटर बार आणि बहुतेकांत अशोक लेलँडचे इंजिन. हे इंजिन ट्रकमुळे सर्वत्र ओळखीचे असल्याने सुटे भाग आणि मिस्त्री दोन्ही मिळतात. जॉन डिअर, न्यू हॉलंड यांची यंत्रेही याच वर्गातली. तिथे निर्णय जवळच्या विक्रेत्यावर ठरवा.

दुसरा गट चेनवाल्या लहान यंत्रांचा. कुबोटा, यानमार आणि क्लासचे क्रॉप टायगर. कटर बार साधारण दोन मीटरचा, वजन कमी, चिखलात रुतण्याचा धोका कमी. भंडारा-गोंदिया आणि कोकणातील भातखाचरांना हीच यंत्रे मानवतात. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर मराठवाड्यातील काळ्या रानांत जशी ओल राहिली, तशा ओलीत टायरचे यंत्र रुततेच. मात्र रबरी पट्टा, रोलर आणि स्प्रॉकेट हा या गटातील सर्वांत मोठा खर्च आहे. पट्टे झिजलेले असतील, तर स्वस्त वाटणारा सौदा महागात पडतो. क्लासचा भारतातील व्यवसाय २०२४ मध्ये यानमारने घेतला. त्यामुळे जुने क्रॉप टायगर घेताना त्याचे सुटे भाग तुमच्या जिल्ह्यात आज कोण देतो, ते नाव-पत्त्यासह विचारा.

सोयाबीनवाल्यांनी ड्रम पाहावा

भातावर चाललेल्या यंत्रात दातेरी ड्रम असू शकतो. तोच वेगाने सोयाबीनवर फिरला, तर दाणा फुटतो आणि न फुटलेल्यालाही आतून मार बसतो. बियाणे प्रमाणीकरणात सोयाबीनची किमान उगवण ७० टक्के धरतात. घरचे बियाणे ठेवायचे असेल, तर ड्रमचा वेग मिनिटाला ३५० ते ४०० फेऱ्यांपर्यंत उतरवता येतो का, हे पाहा. वेग बदलायची पुली किंवा व्यवस्था सौद्यातच मागून घ्या.

कटर बार जमिनीला किती जवळ चालतो तेही तपासा. सोयाबीनच्या खालच्या शेंगा जमिनीलगत असतात. उंचसखल रानात किंवा रुंद वरंब्यावर १४ फुटांचा बार एका टोकाला वर राहतो आणि शेंगा धसकटावरच उरतात.

एक एकर कापल्याशिवाय पैसे देऊ नका

उभे पीक मिळत असेल, तर यंत्र एक एकर चालवून घ्या. मागे पडलेल्या भुशाखालचे दाणे एका चौरस मीटरात मोजा, असे चार ठिकाणी करा. सोयाबीनच्या शंभर दाण्यांचे वजन ११ ग्रॅम धरले, तर चौरस मीटरला १०० दाणे म्हणजे एकरी सुमारे ४५ किलो. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने हे सुमारे २,४०० रुपये झाले. इतके दाणे सांडणारे यंत्र गावात दुसऱ्यांदा कोणी बोलावत नाही.

याशिवाय हे पाहा:

- इंजिन थंड असताना चालू करा. ऑइल ओतण्याच्या तोंडातून धुराचा जोर येत असेल, तर काम निघणार.
- तास मोजणाऱ्या मीटरवर विसंबू नका. ड्रमच्या पट्ट्या, जाळी, फीडर चेन आणि पुल्यांची झीज खरे वय सांगते.
- कटर बार उचलून ठेवा आणि तासाभराने पाहा. खाली आला, तर हायड्रॉलिक गळते आहे.
- चेसीवर ताजा रंग दिसला, तर त्याखाली वेल्डिंग आहे का ते बघा.
- चेसी आणि इंजिन क्रमांक आरसीशी जुळवा. परराज्यातील नोंदणी असल्यास नमुना २८ ची ना-हरकत, हस्तांतरासाठी २९ आणि ३०, कर्ज असल्यास ३५ आणि बँकेचे पत्र मिळाल्यावरच शेवटचा हप्ता द्या.

हिशोब बंद दिवसाचा करा

दिवसाला १५ एकर आणि एकरी २,००० रुपये दर धरला, तर एक बंद दिवस ३०,००० रुपयांचा. बेअरिंग किंवा पट्टा मागवायला तीन दिवस लागले, तर ९०,००० गेले आणि ज्याचे पीक पावसात उभे राहिले तो शेतकरीही तुटला. म्हणून लाखभर रुपये वाचवण्यासाठी ज्याचे सुटे भाग दुसऱ्या राज्यातून येतात, असे यंत्र घेऊ नका.

थोडक्यात, कोरडवाहू सोयाबीन, हरभरा, गव्हाच्या मोठ्या रानांसाठी टायरचे यंत्र, भात आणि ओलीच्या लहान वावरांसाठी चेनचे. त्या गटात ज्याचा मिस्त्री आणि सुटा भाग त्याच दिवशी मिळतो, तो तुमच्यासाठी चांगला ब्रँड.